स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी आपल्या भागात साप्ताहिक गट कसा सुरू करावा

भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांमागे साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा आहे. यातली बहुतेक सगळी घरातच सांभाळली जातात आणि सांभाळणारी बहुधा एकच बाई असते: बायको, सून, नाहीतर मुलगी. डॉक्टरांची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदा, तीही दहा-पंधरा मिनिटांची. मधल्या दिवसांत माणसाने करायचं काय, वेळ घालवायचा कसा आणि सांभाळणाऱ्याने श्वास घ्यायचा कधी, याचं उत्तर औषधांच्या चिठ्ठीवर नसतं.

गट त्या मधल्या दिवसांसाठी असतो. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास, आजार असलेली माणसं आणि त्यांचे घरचे एका ठिकाणी जमतात, गातात, हाताने काहीतरी करतात, चहा घेतात आणि घरी जातात. याने आजार बरा होत नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण आठवड्यातला एक दिवस माणसाला माणूस म्हणून वावरता येतं आणि घरच्यांना कळतं की हे फक्त आपल्याच घरात चाललेलं नाही. ज्याने हे घर चालवलंय त्याला विचारा, हे किती मोठं असतं.

पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात (हा कंपवाताच्या रुग्णांचा आधारगट) काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला तो शब्द आवडतो, म्हणून इथेही तोच वापरते.

आधी आजूबाजूला काय आहे ते बघा

नवीन काही उभं करण्याआधी चौकशी करा. स्मृतिभ्रंशावर काम करणारी ‘एआरडीएसआय’ (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही राष्ट्रीय संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली आणि तिच्या शाखा मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत आहेत. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी दिवसभराचं केंद्र चालवलं आहे. गोव्यात ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेने या विषयावर मोलाचं काम केलंय, त्याबद्दल पुढे येईलच. तुमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर गट असेल तर आधी तिथे जाऊन बसा. चार वेळा बसून पाहिलंत की अर्धं शिक्षण तिथेच होईल.

नसेल, तर तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे जा. महाराष्ट्रात असे संघ गावोगाव आहेत, त्यांची ‘फेसकॉम’ ही राज्य पातळीवरची शिखर संस्थाही आहे. संघाकडे खोली असते, खुर्च्या असतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी मोकळी असलेली, हिंडती-फिरती माणसं असतात. सुरुवातीला वेगळी संस्था, नोंदणी, लेटरहेड यांच्या भानगडीत पडू नका. संघाचाच एक उपक्रम म्हणून चालवा. वर्षभर टिकला तर पुढचं बघता येतं.

गट कोणासाठी?

सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातल्या माणसांसाठी. अर्धा-पाऊण तास खुर्चीत बसता येणं, समोरच्याच्या बोलण्याला शब्दाने किंवा चेहऱ्याने प्रतिसाद देणं आणि चार लोकांत फार घाबरून न जाणं, एवढं जमत असेल तर बोलवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून आणायचा अट्टाहास नको. तिथे शुभंकराने एकट्याने यावं आणि त्या वेळात घरी कोण थांबेल हे गटाने बघावं.

निदान झालंच असलं पाहिजे अशी अट घालू नका, पण झालं नसेल तर डॉक्टरकडे जायला लावा, आणि पाठपुरावा करा. ‘वय झालं, विसरायला होणारच’ असं म्हणून घरचे दोन-दोन वर्षं काढतात. विसरण्याची काही कारणं उपचाराने सुधारतात: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत हे पुष्कळ दिसतं), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, पडल्यानंतर मेंदूवर साचलेलं रक्त. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तर लोक सर्रास ‘भ्रमिष्ट’ ठरवून टाकतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ हवी. गेल्या आठवड्यापर्यंत ठीक असलेला माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागला, ओळखेनासा झाला, सारखा ग्लानीत जायला लागला, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसायचं नाही. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, साखर किंवा सोडियम खालीवर होणं, यांपैकी काहीतरी असण्याची दाट शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जागा

तळमजला हवा. लिफ्ट असली तरी तळमजलाच बरा. कमोड असलेलं, धरायला दांडा असलेलं स्वच्छतागृह वीस पावलांत हवं आणि त्याची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे, नाहीतर कडी काढून टाकून दारावर पाटी लावा. पाटीवर ‘प्रसाधनगृह’ लिहू नका. ‘संडास – बाथरूम’ असं ठळक लिहा आणि शेजारी चित्र काढा.

फरशी फार चकचकीत असेल तर ती ओली वाटते आणि माणूस पाय टाकायला घाबरतो. दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. ते उचलून ठेवा. उजेड भरपूर हवा, कोपऱ्यात अंधार नको. मोठा आरसा असेल तर त्यावर चादर टाका. काहींना आरशातला म्हातारा परका वाटतो आणि ते त्याच्याशी भांडायला लागतात.

विरंगुळा केंद्र, वाचनालयाची खोली, समाजमंदिर, सुट्टीच्या दिवशी बालवाडी, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. फक्त लग्नाच्या मोसमात तिथे बँड वाजत नाही ना, हे आधी विचारून घ्या. बालवाडी निवडलीत तर मोठ्या माणसांच्या खुर्च्या आणा आणि भिंतीवरची ससे-हत्तींची चित्रं शक्य तर झाका.

चपलांची व्यवस्था हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे. दारात चपला काढताना तोल जातो, आणि निघताना स्वतःच्या चपला सापडल्या नाहीत की माणूस बिथरतो. म्हणून दारापाशी हात असलेली एक खुर्ची ठेवा आणि प्रत्येकाच्या चपला नाव लिहिलेल्या पिशवीत घाला. काहींना चपला काढायच्याच नसतात. त्यांना तसंच आत येऊ द्या, नंतर फरशी पुसता येते.

दिवस आणि वेळ

सकाळी साडेदहा ते बारा ही सगळ्यात सोयीची वेळ. आंघोळ, नाश्ता, गोळ्या उरकलेल्या असतात आणि जेवायला घरी पोहोचता येतं. संध्याकाळ टाळा. सूर्य कलायला लागला की अनेकांची बेचैनी वाढते, येरझाऱ्या सुरू होतात. वार एकदा ठरला की बदलू नका, जागा बदलू नका, शक्यतो खुर्च्यांची मांडणीही बदलू नका. ज्याला आज काय वार आहे ते सांगता येत नाही, त्यालाही दोन-तीन महिन्यांनी त्या खोलीत पाऊल टाकल्यावर हायसं वाटतं. ते त्या ‘तेच-ते’पणामुळे.

सहा ते आठ आजारी माणसं, तेवढेच शुभंकर आणि चार-पाच स्वयंसेवक. याहून मोठा गट करू नका. माणसं वाढली तर दुसऱ्या वारी दुसरा गट काढा.

माणसांपर्यंत पोहोचायचं कसं?

फलकावर ‘डिमेन्शिया रुग्णांसाठी’ असं लिहिलंत तर कोणी येणार नाही. ‘वेड लागलंय’, ‘म्हातारचळ’ हे शब्द आपल्या घराला चिकटतील, मुलीचं लग्न अडेल, अशी भीती लोकांच्या मनात असते. असा मजकूर चालतो: ‘विसरभोळेपणा वाढलेल्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी दर बुधवारी गप्पा, गाणी, हस्तकला आणि चहा. शुल्क नाही.’ खाली एकच फोन नंबर, आणि तो उचलणारी व्यक्ती ऐकून घेणारी असावी. पहिला फोन बहुतेक वेळा अर्धा तास चालतो आणि त्यात रडणं असतं.

फलकापेक्षा माणसं जास्त कामाला येतात. फॅमिली डॉक्टर, औषधाचा दुकानदार, गावात आशाताई, देवळातले गुरुजी, सोसायटीचा वॉचमन. कोणाचे आजोबा रात्री गेटपाशी येऊन उभे राहतात, हे वॉचमनला नक्की ठाऊक असतं. पहिल्या बुधवारी दोनच घरं आली तरी ठरलेलं सगळं करा.

गटात येण्याआधी एकदा घरी जा

हे टाळू नका. घरी गेलं की जे कळतं ते फॉर्म भरून कळत नाही. एक कागद घेऊन जा आणि त्यावर एवढं टिपून घ्या: हाक काय मारायची, गाव कोणतं, काम काय केलं, लहानपणी घरात कोणती बोली होती, काय आवडतं, कशाने चिडतात, चष्मा-श्रवणयंत्र आहे का, साखर आहे का, गिळताना ठसका लागतो का, लघवीला किती वेळाने जावं लागतं, आणि शुभंकराखेरीज दुसऱ्या कोणाचा नंबर.

हाकेबद्दल जरा थांबून सांगते. सरसकट सगळ्यांना ‘आजी-आजोबा’ करू नका. चाळीस वर्षं मुख्याध्यापक असलेल्या माणसाला ‘सर’ म्हटलं की तो ताठ बसतो. कोणी ‘माई’ असतात, कोणी ‘अण्णा’, कोणाला ‘पाटील’च म्हणायचं असतं. ‘अरे-तुरे’ तर अजिबात नको. आजार कितीही वाढला तरी अपमान झाल्याचं माणसाला कळतं.

बोलीचंही तसंच. मुंबईत पन्नास वर्षं काढलेली बाई आजार वाढला की मालवणीत बोलायला लागते, जळगावकडची अहिराणीत. गटात ती बोली जाणणारं कोणी असेल तर त्याला तिच्या शेजारी बसवा.

स्वयंसेवकांना काय शिकवायचं?

एक जण गट चालवणारा, एक दारापाशी (याने दीड तास दार सोडायचं नाही), एक चहा-खाणं आणि स्वच्छतागृहाकडे नेणं बघणारा, एक शुभंकरांसोबत, आणि जमलं तर एक जादा. पहिल्या भेटीआधी दोन तास एकत्र बसून तयारी करा. समोरून यायचं, डोळ्यांच्या पातळीला वाकायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि उत्तराची वाट बघायची. त्यांचं वाक्य पूर्ण करायची घाई करायची नाही.

आणि एक वाक्य गटातून हद्दपार करायचं: ‘ओळखलंत का मला?’

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो. ‘सांगा बघू मी कोण?’ ‘आठवतंय का, मागे आलो होतो?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ज्याला ते आठवत नाही त्याच्यासाठी ती चारचौघांत घेतलेली तोंडी परीक्षा असते, आणि तो दिवसातून दहा वेळा नापास होत असतो. घरी, दवाखान्यात, लग्नात. निदान गटात तरी ती परीक्षा नको. तुम्हीच सांगा: ‘नमस्कार सर, मी सुनीता, वाचनालयातली. या, तुमची खुर्ची इथे आहे.’ संपलं. माणूस सैल होतो. माझ्या मते गट चांगला चाललाय की नाही हे ओळखायची हीच खूण आहे: दीड तासात कोणाच्याही स्मरणशक्तीची चाचणी झाली का? झाली नसेल तर बाकी सगळं जमेल.

दीड तासात काय करायचं?

ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गटांसाठी एक पद्धत बसवली. त्यात आठवड्यातून दोनदा पाऊण तासाच्या चौदा बैठका असतात, आणि प्रत्येक बैठकीला एक विषय असतो: खाणं, बालपण, आवाज, पैसे असे. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या तिथल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य ते मध्यम टप्प्यासाठी तिची शिफारस आहे. चेन्नईत तमिळमध्ये तिचं रूपांतरही झालंय. ती जशीच्या तशी उचलायची गरज नाही, पण तिच्यातला एक नियम सोन्याचा आहे: माहिती विचारू नका, मत विचारा.

‘काल काय जेवलात?’ याला उत्तर चुकू शकतं. ‘मोदक उकडीचे बरे की तळणीचे?’ याला उत्तर चुकतच नाही, आणि बघता बघता वाद रंगतो. ‘एसटीने प्रवास बरा की रेल्वेने?’ ‘आंब्याचा रस पोळीशी की पुरीशी?’ असे प्रश्न आठवड्याला तीन-चार काढून ठेवा.

सुरुवात गाण्याने करा. आरत्या, भजनं, जुनी सिनेमाची गाणी, शाळेतल्या प्रार्थना. ज्या बाईंना मुलाचं नाव सांगता येत नाही त्या गणपतीची आरती अखेरच्या कडव्यापर्यंत म्हणतात, टाळ्यांचा ठेकाही चुकत नाही. गटात मुस्लिम किंवा ख्रिस्ती घरं असतील तर आरतीऐवजी सगळ्यांचं असेल ते घ्या. ‘बे एक बे, बे दुणे चार’ असे पाढे एका सुरात म्हटले तरी खोली भरून जाते. मात्र सगळ्यांनी मिळून म्हणायचे, एकेकाला उभं करून नाही.

मग दहा मिनिटं बसल्या-बसल्या हालचाल. हात वर, खांदे गोल, पाय लांब, मऊ चेंडू एकमेकांकडे.

त्यानंतर पाऊण तास मुख्य काम. खेळणी आणू नका. प्लॅस्टिकचे ठोकळे, मुलांच्या रंगवायच्या वह्या, हे पाहून स्वाभिमानी माणूस उठून जातो आणि ते बरोबरच आहे. खरं काम द्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, शेवंतीचे हार ओवणं, बटणं रंगाप्रमाणे लावणं, दिवाळीच्या पणत्या रंगवणं, पत्त्यांत बदाम सात किंवा झब्बू, कॅरम.

एक निवृत्त शिंपी आमच्या गटात येत. बरेच दिवस नुसते खिडकीकडे बघत बसायचे. एकदा पिशव्या करायच्या म्हणून आम्ही कापडाचे तुकडे टेबलावर मांडले. त्यांनी एक तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरून आधी एका दिशेने ताणला, मग दुसऱ्या, आणि जरा रागानेच म्हणाले, ‘हे आडवं कापलंय. झोळ येणार.’ खरंच आडवं कापलं होतं. पुढचे तुकडे त्यांनीच आखले. टेप त्यांना वाचता येत नव्हता, वितीने मोजत होते. कात्री त्यांच्या हातात द्यायची की नाही यावर आमच्यात कुजबुज झाली. शेवटी दिली, शेजारी एक जण बसला. त्यांच्या मिसेस दारातून बघत होत्या. घरी वर्षभर कोणी त्यांच्या हातात कात्री दिली नव्हती.

म्हणून घरभेटीत ‘काम काय केलं’ हा प्रश्न नीट विचारायचा. बँकेतल्या कॅशिअरला कागदांचे गठ्ठे मोजून बांधायला द्या, शेतकऱ्याला बियाणं निवडायला, बाईंना कापूस.

वाती वळणं कसं घ्यायचं ते सांगते, कारण ते स्वस्त आणि हमखास जमणारं आहे. सरकी काढलेला कापूस आणा. प्रत्येकापुढे स्टीलची ताटली ठेवा, गडद रंगाची असली तर उत्तम, पांढरा कापूस पांढऱ्या ताटलीत दिसत नाही. वाटीत दोन चमचे दूध ठेवा, बोटाला लावायला. ‘आपण आता वाती करूया’ असं सांगून थांबू नका. शेजारी बसून तुम्ही स्वतः एक वळा, काही न बोलता. समोरचे हात आपोआप सुरू होतात. जाड-बारीक, वेडीवाकडी कशीही झाली तरी दुरुस्त करायची नाही. संपल्यावर सगळ्यांच्या वाती एका डब्यात घाला आणि त्या खरोखर जवळच्या देवळात द्या. गटातल्या कोणाला बरोबर नेता आलं तर न्या.

जुन्या वस्तूंची पेटी ठेवा: अडकित्ता, दौत-टाक, स्टोव्हची पिन, कंदील, रोवळी, पितळी फिरकीचा तांब्या, जुनं रेशनकार्ड. वस्तू हातात द्यायची आणि गप्प बसायचं. ‘हे काय आहे?’ असं विचारायचं नाही, पुन्हा परीक्षा होते. वासही आणा: वेखंड, उटणं, हिंग, गवती चहा.

शेवटी चहा. बशीतून पिणाऱ्याला बशीच द्या. साखर असलेल्यांचा चहा वेगळा आणि कपाचा रंगही वेगळा. खायला उपमा, केळं, मऊ ढोकळा. चिवडा आणि शेंगदाणे नकोत, ठसका लागतो. निघताना दर वेळी तेच गाणं, प्रत्येकाला नावाने निरोप.

शुभंकरांचा कोपरा

पहिले तीन-चार आठवडे सगळे एकत्र बसतील. नवरा दिसेनासा झाला की बायको अस्वस्थ होते, उलटही होतं. ओळख झाली की मुख्य कामाच्या पाऊण तासात शुभंकरांना शेजारच्या खोलीत वेगळं बसवा. हा पाऊण तास उपक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे. मी तर म्हणेन, अंमळ जास्तच.

गोव्यात २००८ साली प्रसिद्ध झालेला ‘संगाथ’चा एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ८१ कुटुंबं त्यात होती. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावून सांगत, चिडचिड-भटकणं कसं हाताळायचं ते दाखवत, गरज असेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून देत. त्याने काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. तज्ज्ञांची फौज लागली नाही. तुमच्या गटातही हे जमण्यासारखं आहे.

खोलीतले नियम तीनच. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही (एकाच सोसायटीतली माणसं असतात, म्हणून हे दर वेळी म्हणायचं). विचारल्याशिवाय सल्ला नाही. आणि ‘तुम्ही नशीबवान, सेवा करायला मिळाली’ असलं काही नाही.

काय निघतं त्या खोलीत? ‘सासूबाई म्हणतात मी त्यांच्या पाटल्या चोरल्या, आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगतात.’ ‘मी काल त्यांच्यावर हात उगारला.’ ‘रात्री तीनला उठून ऑफिसला निघतात.’ ‘भाऊ अमेरिकेत, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला शिकवतो.’ ऐकणाऱ्याने आधी ऐकायचं. दुसरी सून हळूच म्हणते, ‘आमच्याकडे बांगड्या होत्या’, आणि पहिलीचा चेहरा बदलतो. चोरीचा आरोप हा आजाराचा भाग आहे, हे डॉक्टरांनी सांगून पटत नाही तेवढं या एका वाक्याने पटतं.

परदेशातल्या मुला-मुलींसाठी महिन्यातून एकदा वेगळा व्हिडिओ कॉल ठेवा. घरी कामाला असलेल्या मावशींनाही गटात बसू द्या. दिवसाचे दहा तास त्याच सांभाळतात आणि त्यांना कोणी काही शिकवलेलं नसतं.

एक विषय लवकर घ्या: पैसे आणि कागदपत्रं. आपल्या कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र चालत नाही. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी ते निरुपयोगी. तेव्हा मृत्युपत्र, वारस-नोंदी, बँकेची संयुक्त खाती हे सगळं माणसाला कळतंय तोवरच, त्याच्या इच्छेने करायला हवं. एखाद्या बैठकीला वकिलांना बोलवा. फलकावर दोन नंबर कायम लिहून ठेवा: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. खचलेल्या शुभंकराने दुसरा नंबर स्वतःसाठी वापरावा, हे स्पष्ट सांगा.

अडचणी येतातच

‘मला घरी जायचंय’ हे दर आठवड्याला कोणीतरी म्हणेल. ‘आत्ताच तर आलात’ असं म्हणू नका. ‘हो, जाऊया. घरी कोण आहे?’ असं विचारा, हात धरा, खोलीत एक फेरी मारा. बऱ्याचदा लघवीला लागलेलं असतं, किंवा पंखा अंगावर येत असतो, किंवा आवाज फार झालेला असतो. तीनदा विचारूनही थांबायचं नसेल तर खरंच घरी पाठवा. पुढच्या आठवड्यात येतील.

कोणी दिवंगत बायकोची वाट बघत असेल तर ‘त्या वारल्या’ असं दर वेळी सांगायचं नाही. दर वेळी नव्याने दुःख होतं. ‘त्यांच्या हाताचं काय आवडायचं तुम्हाला?’ इथून बोलणं सुरू करा.

प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असावी. कोणी निघून गेलं तर आधी स्वच्छतागृह, मग रस्त्याने त्यांच्या घराच्या किंवा जुन्या कामाच्या दिशेने शोधा, आणि घरच्यांना लगेच कळवा. संकोच करून वेळ घालवू नका.

फोटोंबाबत कडक राहा. घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय व्हॉट्सॲपवर एकही फोटो नाही, देणगीदारासाठीसुद्धा नाही. स्मरणशक्तीची चूर्णं विकणारे, विमा एजंट, फ्लॅट विकून देतो म्हणणारे हमखास येतात. त्यांना दारातूनच नमस्कार करा.

खर्च फारसा नसतो. चहा-खाणं, कापूस-कागद, रिक्षा. ज्यांना परवडतं ते डब्यात टाकतील अशी सोय ठेवा, डबा पारदर्शक नसावा.

पुढे

दर तीन महिन्यांनी स्वयंसेवकांनी एकत्र बसून एकेका माणसाबद्दल बोला. कोणाला गर्दी झेपेनाशी झाली, कोण पेंगतंय, कोणाला ठसका वाढलाय. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्या घरी दोन जणांनी महिन्यातून दोनदा जायचं, गाणं म्हणायचं, आणि तेवढा वेळ शुभंकराला बाजारात नाहीतर बँकेत जाऊ द्यायचं. आजारी माणूस यायचं थांबलं म्हणून शुभंकराचं नाव यादीतून काढू नका. माणूस गेल्यावरही काढू नका. दिवसवार आटोपले, पाहुणे पांगले की फोन करा आणि नेहमीच्या वारी या म्हणून सांगा. पहिल्यांदा नाही म्हणतील, महिन्याने पुन्हा करा. यातल्या काही जणी पुढे गटाच्या सगळ्यात चांगल्या स्वयंसेविका होतात. पण त्यांना पहिले काही महिने फक्त चहाला बोलवा, काम सोपवायची घाई करू नका.